काहीही चालेल, जी

"काहीही चालते म्हणते ना, मग त्या प्लेटा उचलायला सांगा तिला. माणसं कमीच पडून राहिली आज."

भाऊसाहेब हे हसत बोलले. रागानं नाही. रागानं बोलले असते तर मलाही कदाचित राग आला असता. ते हसले म्हणून मीही हसले. हातातली फाईल खुर्चीवर ठेवली आणि प्लेटा उचलायला गेले.

कोणी मला ढकललं नाही. कोणी हाताला धरून नेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला लाज आहे ती याचीच.

यवतमाळातल्या एका लॉनवर भाऊसाहेबांच्या नातवाचं बारसं होतं. दुपारची वेळ. भाऊसाहेबांची जिनिंग आहे, शेती आहे, कंत्राटं आहेत. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. माझे बाबा त्यांच्या जिनिंगवर कामाला होते. कापूस उतरवणं, सरकी भरणं, घरचं काही निघालं तर तेही. बारशाच्या दिवशी पहाटेपासून ते लॉनवर खुर्च्या मांडत होते.

मी डिप्लोमा केला होता. इलेक्ट्रिकल. पॉलिटेक्निक पास होऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि मी घरीच होते. बाबांनी भाऊसाहेबांना म्हटलं, पोरीसाठी कुठं शब्द टाका जी. भाऊसाहेब म्हणाले, बारशाला घेऊन ये तिला, चार मोठी माणसं येतात, ओळख करून देतो. शहरात याला नेटवर्किंग म्हणतात. कॉलेजात एक सर त्यावर तासभर बोलले होते. आमच्याकडे याला ओळख काढणं म्हणतात, आणि ती काढायला बाप खुर्च्या मांडतो.

मी निरोप समारंभाला शिवलेला निळा ड्रेस घातला. प्लास्टिकच्या फाईलीत मार्कशिटा लावल्या. एसटीनं गेले.

पाळण्याजवळ बायका बसल्या होत्या. बारा दिवसांचं पोर, डोळेही नीट उघडत नव्हतं. एक बाई म्हणत होती, हा डॉक्टर होणार. दुसरी म्हणाली, नाही, आजोबाचा कारखाना कोण सांभाळंल मग. तिसरी म्हणाली, हा तर अमेरिकेलाच जाते. सगळ्या हसत होत्या. मीही ऐकून हसले. तेव्हा मला काही कळलं नाही. त्या पोरानं अजून नाव ऐकलं नव्हतं स्वतःचं, आणि त्याला काय व्हायचं आहे ते तिघी तिघी सांगत होत्या.

मग भाऊसाहेबांनी बोलावलं. त्यांच्याजवळ नागपूरचे एक पाहुणे बसले होते. विजेच्या लाइनी टाकायची, सबस्टेशन उभी करायची मोठी कंत्राटं घेणारे. म्हणजे अगदी माझ्याच कामाचा माणूस. सगळ्या लॉनवर दुसरा कोणी नव्हता असा.

भाऊसाहेब म्हणाले, "ही आमच्या गड्याची पोरगी. शिकली म्हणते काहीतरी."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, हे खरं आहे. आणि विचारलं, "काय करायचं आहे तुला?"

घरून येताना मला वाटलं होतं, मार्क विचारतील. वडील काय करतात विचारतील. आडनाव तर विचारतीलच. त्या सगळ्यांची उत्तरं तयार होती. हा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नव्हता. माझं तोंड कोरडं पडलं. मी म्हणाले,

"काहीही चालेल, जी."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे कोणतंही काम. तुम्ही द्याल ते."

पाहुणे मोबाईलकडे पाहायला लागले. माझ्याबद्दलचं त्यांचं काम संपलं होतं. आणि तेव्हा भाऊसाहेब ते प्लेटांचं बोलले. पाहुणेही हसले, थोडंसं.

उष्टं. भात, बुंदी, बोटांनी पुसलेली वांग्याची भाजी. एकावर एक प्लेट ठेवायची, उरलेलं टोपल्यात ढकलायचं. निळ्या बाहीवर तर्री उडाली. जेवणाऱ्यांपैकी कोणी वर पाहिलं नाही. एका बाईनं तर न मागता स्वतःची प्लेट माझ्याकडे सरकवली.

बाबा लांबून खुर्च्या घेऊन येत होते. मला पाहून थांबले. खुर्च्या तिथंच टाकल्या, आले, माझ्या हातातल्या प्लेटा काढून घेतल्या. "दे इकडं," एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या रांगेतल्या उचलायला लागले. ते घाई करायला लागले. दोन्ही हातांनी, धावत, माझ्या वाट्याला कमी याव्या म्हणून. बाप आणि लेक एकाच रांगेत दोन्हीकडून उष्टं उचलत होतो. मधे भेटलो तेव्हा ते माझ्याकडे पाहत नव्हते.

परतीच्या एसटीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "तुनं काहून उचलल्या व?"

मी म्हणाले, "तुमी बी तं उचलत होते."

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी तोंड परत खिडकीकडे वळवलं.

घरी मायनं बाहीवरचा डाग पाहिला. विचारलं. मी सांगितलं नाही, बाबांनीही नाही. दोन दिवसांनी तिला जिनिंगवरच्या एका बाईकडून कळलं. माय चुलीपुढं बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुह्या बाबाच्या आज्यानं धम्म घेतला थ्या वर्षी उष्टं आननं सोडलं. गावानं मजुरी बंद केली तरी नाई आनलं. उपाशी राह्यले. अन् तू डिप्लोमा करून उचलून आली."

तिनं भाकर तव्यावर टाकली. एवढंच.

मी त्या घरात जागा शोधत होते, जिथं कोणाचं तोंड दिसणार नाही. दोन खोल्यांच्या घरात तशी जागा नसते. बुद्धविहारात संध्याकाळी वंदनेला जायचं बंद केलं. तिथं सगळे पंचशील म्हणतात, मोठ्या आवाजात. माझा आवाज निघणार नाही असं वाटायचं. वस्तीतल्या पोरी मला ताई म्हणायच्या, कॉलेज केलं म्हणून. त्यांनी हाक मारली की मी मोबाईल कानाला लावायची. पलीकडे कोणी नसायचं.

दिवाळीनंतर मायबरोबर कापूस वेचायला जायला लागले. तिथं खाली मान घालायला लागते, ते बरं होतं.

अशात शीतलताईचा फोन आला. शीतलताई आमच्या पॉलिटेक्निकची, माझ्या दोन वर्षं पुढची. आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरची. त्यांच्या घरात गोरबोलीच बोलतात, मराठी ती शाळेत शिकली. आता सौरपंप बसवणाऱ्या एका कंपनीचं काम पाहायची, स्कुटीवर गावोगाव फिरायची. म्हणाली, तू काय करून राह्यली? मी म्हणाले, काही नाही, कापूस वेचून राह्यली. ती म्हणाली, ये आर्णीले.

गेले. बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हटलं, "ताई, माह्यासाठी कुठं शब्द टाक ना."

"टाकते. काय सांगू?"

"सांग का, पोरगी चांगली हाय. होतकरू हाय. नोकरी पायजे."

"कोनती नोकरी?"

 पुन्हा तोच कोरडेपणा तोंडात. आणि माझ्या तोंडून निघालं, "कोनतीबी."

शीतलताईनं कप खाली ठेवला. म्हणाली, "मी दहा लोकाईले ओळखते. खरंच ओळखते. पन त्याईले जाऊन काय सांगू, की एक पोरगी हाय, तिले कोनतंबी काम द्या? त्याईच्याकडं कोनतंबी करनारे रोज सकाळी गेटवर उभे रायतात. शब्द टाकाचा तं शब्द तं पायजे ना. तुह्याजवळ शब्दच नाई, तं मी काय टाकू?"

मला तिथं रडू आलं. टपरीवाला पाहत होता. मी तिला बारशाचं सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला सांगितलं. ती मला जवळ वगैरे घेईल असं वाटलं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, "त्यानं प्लेटा उचलाले लावल्या थे त्याचं हलकटपन. पन थ्या नागपूरवाल्यानं तुले इचारलं होतं. तुले इचारलं होतं त्यानं."

हे ऐकून मला जेवढी लाज वाटली, तेवढी प्लेटा उचलतानाही वाटली नव्हती.

"मले काय सांगता येते ताई, मले नाई मालूम," मी म्हणाले.

"कॉलेजात कोनत्या दिवशी तुले घरी जावंसं नाई वाटलं?"

आणि मला तो दिवस आठवला. आम्हाला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं. गावोगावच्या जळालेल्या डीप्या, ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपीच म्हणतात, तिथं ओळीनं पडलेल्या. उघडलेल्या, काळ्या, आतलं तांबं बाहेर आलेलं. एक माणूस ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तपासत होता. काचेच्या भांड्यात तेल, त्यात दोन धातूचे गोळे, मधे बारीक फट. तो विजेचा दाब वाढवत नेतो, वाढवत नेतो, आणि एका क्षणी तेलातून चट्‌ अशी ठिणगी जाते. तेल किती चांगलं ते त्यावरून कळते. बाकीच्या पोरी कंटाळून बाहेर सेल्फी काढत होत्या. मी त्या माणसाला म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यानं पुन्हा दाखवलं. मग मला स्वतःला करू दिलं. आमच्या गावची डीपी जळली की महिना महिना येत नाही, ओलीत थांबते, शेताला पाणी मिळत नाही, पोरं अंधारात अभ्यास करतात. ती कुठं जाते, तिचं काय होते, हे मी त्या दिवशी पाहिलं. बस निघायची वेळ झाली तरी मी आतच होते.

मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरगी आणि डीपी. लोक हसतील वाटायचं.

शीतलताई हसली नाही. म्हणाली, "आता हेच एका वाक्यात म्हन."

मी म्हटलं. अडखळत. ती म्हणाली, परत. टपरीवर बसून मी ते वाक्य म्हणत राहिले. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला आहे. मला ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती आणि टेस्टिंगचं काम करायचं आहे. मला वर्कशॉपमध्ये, टेस्टिंगच्या टेबलावर जागा पाहिजे. साधी वाक्यं. शाळेतल्या पोरासारखी. पण ती बोलताना माझा आवाज कापत होता, चोरी करताना पकडल्यासारखा.

परत येताना एसटीत मी याचाच विचार करत होते. आमच्या घरात काय पाहिजे हा प्रश्नच नव्हता. आदल्या संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन विचारायचं, उद्या येतं का कामाले? हो किंवा नाही, एवढंच उत्तर. नाही म्हणायची ऐपत नव्हती, म्हणून हो. कोणतं काम, ते शेतावर गेल्यावर कळायचं. निंदण तर निंदण, वेचणी तर वेचणी. माय काहीही चालेल म्हणत जगली. बाबा म्हणत जगले. मी डिप्लोमा करून तेच वाक्य साफ उच्चारात म्हटलं. आणि मला वाटत होतं की ती नम्रता आहे.

दुसऱ्या दिवशी कपाशीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, कापूस वेचताना मी मायला ते वाक्य म्हणून दाखवलं. तिनं मान वर केली. "डीपी? थे खांबावरची?"

"हो."

"चढा लागते का थ्याच्यावर?"

"नाई. खाली आनतात, मंग."

"मंग ठीक हाय," माय म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे गेली. त्या घटनेनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलली होती.

मग भाऊसाहेबांचा निरोप आला. पोरीला घेऊन ये, काम आहे तिच्यासाठी.

बाबा खूश झाले. मला पाहवत नव्हतं इतके खूश झाले. त्यांनी पांढरा सदरा घातला. आम्ही भाऊसाहेबांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते, सूनबाई बाजूला. आम्ही उभे.

भाऊसाहेब म्हणाले, "हे बघ, सूनबाई पुण्याला परत जातात पुढच्या महिन्यात. बाळाला सांभाळायला घरातलंच, विश्वासाचं माणूस पाहिजे. तू शिकलेली आहेस, दोन इंग्लिश शब्द पोराच्या कानावर पडतील. राहणं, खाणं सगळं तिथंच. तूच म्हणाली होती ना काहीही चालेल."

बाबा म्हणाले, "हो जी. चालते जी."

 मी फरशीकडे पाहत होते. शूर वगैरे काही वाटत नव्हतं.  मी म्हणाले,

"नाही जी. मले हे काम नाही कराचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सूनबाईंनी पाहिलं. भाऊसाहेब झोपाळा पायानं थांबवून म्हणाले, "काय?"

"मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला हाय. मले ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगचं काम कराचं हाय. तुमच्या नागपूरच्या पाव्हन्याकडं तसं काम असंल तं त्याईले सांगा. नसंल तं राहू द्या."

 मग भाऊसाहेब हसले. तसेच, बारशाला हसले होते तसे. "डीपी दुरुस्त करणार. वा. प्लेटा उचलताना तर लाज नाही वाटली."

"वाटली," मी म्हणाले. "अजून वाटते. म्हनूनच आज सांगून राह्यली."

पुढचं ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांकडे पाहून म्हणाले, "घेऊन जा हिला. उद्यापासून तूही येऊ नको."

फाटकाच्या बाहेर आलो. मला वाटलं होतं छातीतून काहीतरी मोठं ओझं उतरेल. तसं काही होत नाही. माझे बाबा पांढऱ्या सदऱ्यात रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि त्यांचं काम माझ्या एका वाक्यानं गेलं होतं. ते म्हणाले, "मले आंधी सांगतलं असतं तं मी हो नसतो मनलो."

 ते बरोबर बोलत होते. मी वाक्य तयार केलं होतं ते शीतलताईला सांगितलं, मायला सांगितलं. ज्या माणसानं माझ्यासाठी शब्द टाकला, त्याला सांगितलंच नव्हतं. म्हणून मी तिथंच, रस्त्यावर, बाबांना ते सगळं सांगितलं. तेलाचं, गोळ्यांचं, ठिणगीचं. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "करंट नाई लागत?" मी म्हटलं, शिकलं तर नाही लागत. ते चालायला लागले.

त्या वर्षी बाबांनी लोकांच्या शेतात तुरी कापल्या. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला कोणी पहिल्यांदा बोलवत नाही. दुसऱ्याचं माणूस आलं नाही की मग यांना हाक. मी ते रोज पाहत होते. माझ्या नकाराचं ते दुसरं टोक होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं, त्यांच्या हातात होतं, विळ्यासारखं.

मी वाक्य सांगत फिरले. ओळखीच्या माणसाला, ओळखीच्या ओळखीला. लाइनमनला, कॉलेजच्या सरांना, शीतलताईच्या साहेबांना. काहींनी विचारलं, कोणत्या समाजाची? आणि उत्तर ऐकून बोलणं बदललं. काहींनी म्हटलं, ऑफिसात ये, टायपिंगला ये. मी म्हटलं, नाही, टेस्टिंग. एक वर्कशॉपवाला म्हणाला, आमच्याकडं लेडीज बाथरूम नाही. मी म्हटलं, बांधा. त्यानं फोन ठेवला. प्रत्येक वेळी बोलायच्या आधी तोंड कोरडं पडायचं. अजून पडते. लोक म्हणतात, सवय झाली की जाते. माझी गेली नाही. मी पाणी पिते आणि बोलते.

शेवटी पांढरकवड्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये मालकानं म्हटलं, "काम कोणतं पाहिजे ते तरी नक्की सांगणारी आली. ये, बघू." शीतलताईनं त्यांना माझं वाक्य माझ्याच शब्दांत सांगितलं होतं. एकही शब्द बदलला नव्हता.

आता मी तिथं आहे. केळापूरला एका खोलीत राहते. तेल तपासते, मेगर लावून इन्सुलेशन मोजते, वाइंडिंग शिकते आहे. हातांना तेलाचा वास येतो, साबणानं जात नाही. कामाला आलेले लोक अजून मालकाला विचारतात, ही पोरगी काय करते इथं? मालक म्हणतो, मदतीला आहे. मी ऐकते.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "साहेब, मी मदतीले नाई. मी टेस्टिंग करते. मले पर्यवेक्षकाचं परमिट काढाचं हाय. थ्याच्यासाठी अनुभवाचा दाखला लागते. मी जे काम केलं थे, माह्या नावानं, तुमी लिहून द्याचं. परमिट भेटल्यावर मी सुपरवायझरच्या पगारावर राहीन. नाईतर दुसरीकडं जाईन. अन् पुढं माहं स्वतःचं वर्कशॉप टाकीन. आताच सांगून ठेवते, मागून कोनी मनू नये का सांगतलं नाई."

मालकानं हातातलं पेन खाली ठेवलं. "लय पुढचं बोलून राह्यली तू," तो म्हणाला. "विचार करतो. तू जा, काम कर."

"काम झालं हाय," मी म्हणाले. "तुमी विचार करा. मी इथंच उभी हाय. हो का नाई, थे ऐकूनच जाईन."